वाचक विचारतात : वणव्यावरचं हेलिकॉप्टर

होळी उलटली की नाशिकभोवतीच्या ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी, चामरलेणी यांपैकी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर रात्री आगीची माळ दिसते आणि आमच्याकडे पत्रं सुरू होतात : हेलिकॉप्टर का बोलावत नाहीत? यंदा परदेशातल्या वणवा-हेलिकॉप्टरसोबत फिरणाऱ्या तुकड्यांबद्दलही बरंच विचारलं गेलंय. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. हेलिकॉप्टरची देखभाल आणि वनाग्नी या दोन्ही कामांतल्या माणसांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत वणवा विझवणारी हेलिकॉप्टरं उन्हाळाभर गावोगाव फिरतात म्हणे. एका हेलिकॉप्टरमागे माणसं किती असतात आणि त्यांचा दिवस कसा जातो? — निवृत्त एसटी वाहतूक नियंत्रक, नाशिकरोड

उत्तर : तिथे दोन वेगवेगळ्या मालकांची माणसं एकत्र नांदतात. हेलिकॉप्टर बहुतेक वेळा खासगी कंपनीचं, कंत्राटावर घेतलेलं. त्यासोबत कंपनीचा वैमानिक, मेकॅनिक आणि इंधनाच्या टँकरचा ड्रायव्हर येतो. आग विझवणारी तुकडी मात्र सरकारी वनखात्याची. तिला हेलिटॅक म्हणतात. हेलिकॉप्टरच्या आकारानुसार तिच्यात सात-आठ ते दहा-बारा जण असतात. हेलिकॉप्टर मॅनेजर त्यांच्यातलाच. कोण किती वजनाचा, कुठल्या फेरीत बसला, किती तास उड्डाण झालं, हे सगळं तो लिहून ठेवतो. त्याची सही झाल्याशिवाय कंपनीला पैसे मिळत नाहीत. कंत्राटात पैशाचे दोन भाग असतात : रोज तयार उभं राहण्याचे वेगळे आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासाचे वेगळे.

सकाळी पहिलं काम इंधन तपासणं. रात्रभर स्थिर राहिलेल्या टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढून तो उजेडात धरतात. इंधन स्वच्छ, चकचकीत दिसायला हवं. तळाशी पाण्याचा मणी दिसला, तर तो जाईपर्यंत काढत राहायचं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प साचतं, म्हणून टँकर संध्याकाळीच भरून ठेवण्याची पद्धत आहे. मग वैमानिक आणि मेकॅनिकची तपासणी, हवामानाची माहिती, त्या दिवसाचा वजनाचा हिशेब. त्यानंतर बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. दुपारी दोन-तीननंतर वारा सुटला की आगीही वाढतात आणि बोलावणीही.

तुमच्या खात्यातल्या माणसाला पुढचा भाग लगेच कळेल. तिथल्या सरकारी कंत्राटांत वैमानिकाला दिवसात उड्डाण जास्तीत जास्त ८ तास, कामावर हजर १४ तास, त्यानंतर सलग १० तास विश्रांती आणि कुठल्याही १४ दिवसांत २ दिवस पूर्ण सुट्टी असा नियम असतो. बऱ्याच कंपन्या १२ दिवस काम, १२ दिवस घर अशी पाळी लावतात. वैमानिक बदलतो, मेकॅनिक बदलतो, हेलिकॉप्टर तिथेच राहतं.

खरा ताण पडतो ड्रायव्हरवर. चारशे किलोमीटर दूरच्या आगीवर जायचा हुकूम आला की हेलिकॉप्टर दोन तासांत पोचतं. टँकर घाटरस्त्याने रात्री उशिरा पोचतो, आणि त्यालाही कामाच्या तासांची मर्यादा आहेच. टँकर पोचेपर्यंत हेलिकॉप्टर एखाद-दुसरी फेरी मारून उभं. म्हणून जाणकार मॅनेजर हुकूम पक्का व्हायच्या आधीच टँकरला त्या दिशेला काढतो.

मेकॅनिकचं खरं काम संध्याकाळी सुरू होतं. इंजिन थंड झालं की त्यातला हवा दाबणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, पाण्याने धुणं, ग्रीस, पात्यांच्या पुढच्या कडेवरची संरक्षक पट्टी पाहणं, तासांनुसार ठरलेल्या तपासण्या. वैमानिक झोपल्यावर हे चालतं आणि तो उठायच्या आत संपावं लागतं. मुक्काम कधी मोटेलमध्ये, कधी तंबूत, कधी शाळेच्या मैदानावर.

प्रश्न : खाली हजार लिटरची बकेट, म्हणजे पाण्याचं लटकतं भांडं, लावलेली असताना हेलिकॉप्टर सातशे लिटरच पाणी का उचलतं? — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : उन्हामुळे. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनालाही श्वास कमी पडतो. आपल्याच शहराचं गणित करून पाहा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. प्रमाण वातावरणाच्या कोष्टकानुसार या उंचीला तापमान ११ अंश हवं. एप्रिलच्या दुपारी ते ४० असतं, म्हणजे २९ अंश जास्त. जास्तीच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ३६ मीटर उंची वाढल्यासारखी हवा वागते. २९ गुणिले ३६ म्हणजे हजार मीटरपेक्षा थोडं जास्त. गंगापूर धरणावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरला हवा मिळते ती साधारण साडेसोळाशे मीटरवरची. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. अंजनेरीच्या तेराशे मीटरच्या माथ्यावर ३५ अंश असतील, तर हेच गणित तेवीसशेच्या पुढे जातं.

आता वजनाकडे येऊ. एअरबसचं एच-१२५ हे वणव्याच्या कामात सर्रास दिसणारं छोटं हेलिकॉप्टर. बाहेर लटकवलेल्या ओझ्यासह त्याचं कमाल वजन २८०० किलो. उपकरणांसह रिकामं हेलिकॉप्टर समजा १३५०, वैमानिक ९५, दीड तासाचं इंधन २१५, बेरीज १६६०. अशा उन्हात अधांतरी स्थिर राहण्यासाठी हेलिकॉप्टरच्या क्षमतेचं कोष्टक २८०० ऐवजी समजा २५५० ची परवानगी देतं. त्यातून सुरक्षिततेसाठी ८० किलो ठरवून सोडायचे. उरले २४७०, वजा १६६०, म्हणजे ८१०. रिकामी बकेट आणि दोर यांचे ७० काढले की पाण्यासाठी ७४० किलो, म्हणजे ७४० लिटर. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेब रोज अशाच क्रमाने होतो आणि तो कागदावरच करायचा असतो.

यातली गंमत अशी की इंधन जळेल तसं पाणी वाढवता येतं. अर्ध्या तासात सत्तर किलोच्या आसपास इंधन संपतं, तेवढे लिटर बकेटमध्ये जास्त घ्यायचे. त्यासाठी बकेटच्या पोटाभोवती पट्टा असतो. तो आवळला की क्षमता कमी, सैल केला की जास्त. पट्टा जमिनीवर असतानाच बदलता येतो, म्हणून इंधन भरायला उतरल्यावर दर वेळी तो नव्याने लावायचा. हे विसरलं की टाकी भरलेली आणि बकेटही मोठी. मग पाण्यातून वर येताना शक्ती अपुरी पडते आणि वैमानिकाला अर्धं पाणी तिथेच सोडून द्यावं लागतं.

प्रश्न : माझं दिंडोरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल शेततळं आहे. वणवा लागला तर हेलिकॉप्टर त्यातून पाणी घेऊ शकेल का? तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद फाटेल का आणि किती पाणी जाईल? — द्राक्ष बागायतदार

उत्तर : दादा, पाण्याचीच काळजी सगळ्यात कमी करा. तळं भरलेलं असेल तर साधारण वीस लाख लिटर. छोटं हेलिकॉप्टर पाच तास सतत राबलं तरी चाळीस हजार लिटरच्या आसपास उचलेल. पातळी चार-पाच सेंटिमीटर उतरेल, म्हणजे उन्हाने काही दिवसांत उडून जातं तेवढीच.

तुमच्या तळ्याचं महत्त्व मात्र फार आहे. आग आणि पाणी यांत पाच किलोमीटर अंतर असेल तर जाणं, येणं, भरणं, टाकणं मिळून एक फेरी सुमारे सहा मिनिटांची. तासाला नऊ-दहा फेऱ्या, साडेसात हजार लिटर. तेच अंतर पंधरा किलोमीटर झालं की फेरी सोळा मिनिटांची होते, तासाला चारही फेऱ्या होत नाहीत, पाणी तीन हजार लिटरच्याही खाली. दूरच्या मोठ्या धरणापेक्षा जवळचं शेततळं केव्हाही भारी. परदेशात जवळ पाणी नसेल तर घडीच्या टाक्या उभारतात आणि टँकरने भरत राहतात. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला शेततळी आयती खोदलेली आहेत.

आता कागद. ५०० मायक्रॉनचा कागद बकेटच्या कापडाने फाटत नाही. तो फाटतो कड्या, शॅकल आणि बकेटच्या तोंडाकडचा धातूचा भाग तळाला किंवा उताराला घासला तर. म्हणून खोली दोन मीटरच्या वर हवी आणि बकेट मधोमधच बुडवायची. तळं अर्ध्याच्या खाली असेल तर नकोच. दुसरा धोका वाऱ्याचा. पाणी उतरल्यावर काठाचा कागद उघडा पडतो. पात्यांच्या झोताने तो फुगून वर उठला आणि चरातून सुटला, तर अख्खी बाजू उलटते. दोर ४५ ते ६० मीटरचा असेल तर झोत खाली येईपर्यंत पसरून मंदावतो, जाळीच्या कुंपणाचाही प्रश्न राहत नाही. हुकाला थेट आखूड बकेट लावलेलं हेलिकॉप्टर आलं तर त्याला तळ्यावर येऊच देऊ नये.

मात्र तळ्याशेजारी काय आहे ते महत्त्वाचं. शेडनेट, पॉलिहाऊस, कांदा चाळीवरची ताडपत्री, ठिबकच्या मोकळ्या नळ्यांची गुंडाळी, यातलं काहीही उडून पात्यात जाऊ शकतं. एप्रिल छाटणीनंतर बाग नुकतीच फुटलेली असेल तर कोवळे फुटवे झोताने मोडतात. येण्या-जाण्याची वाट बागेवरून न ठेवता पडीक बाजूने ठेवायला सांगा. आणि विजेची तार! धुरात खांब दिसतो, तार दिसत नाही. तळ्याच्या चारही बाजूंनी तारा कुठून कुठे जातात याचा साधा नकाशा वनपालांकडे आधीच देऊन ठेवा. आगीच्या दिवशी तो शोधायला कुणाला सवड नसते.

प्रश्न : बकेटमध्ये बिघडण्यासारखं असतं तरी काय? — वर्कशॉपवाले, अंबड

उत्तर : बांबी बकेट हे घडी होणारं कापडी भांडं १९८२ मध्ये कॅनडाच्या डॉन आर्नी यांनी शोधलं. रचना सोपी आहे आणि तक्रारीही ठरलेल्या.

बकेट पाण्यावर तरंगत राहिली, कलंडलीच नाही, तर काठाला एका बाजूने लावलेलं वजन पाहा. त्या वजनामुळेच तोंड पाण्यात जातं. धुताना काढलेली वजनाची पिशवी परत न लावणं हे नेहमीचं कारण.

भरून वर आली आणि तळातून गळतेय, तर तळाच्या कापडी झडपेत खडा, काटकी किंवा पाणवेल अडकलेली असते. नाशिकच्या खालच्या अंगाला गोदावरीत पाणवेली माजतात, तिथे बकेट बुडवली की हा त्रास ठरलेला. झडप स्वच्छ असूनही गळती असेल तर झडपेपासून वरच्या कंट्रोल हेडपर्यंत जाणारा दोर मोजा. त्याची लांबी ठरलेली असते. गाठ मारून दुरुस्त केलेल्या दोराची लांबी बदलते आणि झडप पूर्ण बसत नाही.

बटण दाबलं आणि पाणी पडलं नाही, तर आधी विजेचा प्लग. लांब दोरासोबत जाणाऱ्या वायरला ढील ठेवलेली नसली की ओझ्याचा ताण वायरवर येतो आणि पिना सैल होतात. राख आणि ओल मिळून पिनांवर गंज चढतो. रोज पुसा आणि दर वेळी लावल्यावर जमिनीवर उघडून पाहा. हेलिकॉप्टरच्या पोटाखालचा हुकही विजेने आणि हाताच्या लिव्हरने, दोन्ही प्रकारे सुटतो ना, हे पहिल्या उड्डाणाआधी तपासायचं. बकेट झाडात अडकली तर वैमानिकाकडे तोच एक उपाय उरतो.

सगळ्यात घातक चूक दोराच्या लांबीची. रिकामी बकेट वेगात मागे उडते. दोराची लांबी अशी असली की ती शेपटीच्या पंख्यापर्यंत पोचेल, तर पुढचं सांगायला नको. एक तर लांबी पंख्यापर्यंत पोचणारच नाही इतकी कमी हवी, नाहीतर सरळ पंधरा मीटरच्या वर. मधलं काही चालत नाही.

घडी घालण्याआधी बकेट वाळवा, सावलीत ठेवा. ओल्या घडीत दोर कुजतात आणि उन्हात कापड विरतं. आणखी एक, खास आपल्या भागासाठी : कॉम्प्रेसर धुवायला बोअरचं पाणी वापरू नये. क्षार कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतात आणि धुतल्याने उलट शक्ती घटते. बॅटरीच्या पाण्यासारखं क्षारमुक्त पाणीच हवं.

प्रश्न : मुलगा परदेशात अशा कंपनीत मेकॅनिक म्हणून जातोय. कपडे काय द्यावेत? शाकाहारी आहे, जेवणाचं काय? — एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, वरचे कपडे ते लोक देतील, न जळणाऱ्या अरॅमिड धाग्याचे. तुम्ही आतले द्या, आणि ते शुद्ध सुती. पॉलिस्टर, नायलॉनचे बनियन-मोजे नकोत, ते आगीच्या धगीने वितळून कातडीला चिकटतात. ट्रेकला घालतात ते झटपट वाळणारे टी-शर्टही त्यातच आले. बूट चामड्याचे, घोट्याच्या वर. सामानाला मर्यादा असते : विझवणाऱ्या तुकडीला पाठीवरची आणि कामाची पिशवी मिळून सुमारे ३० किलो. मोठ्या आगींच्या तळावर जेवण कंत्राटदाराकडून येतं आणि आधी सांगितलं तर शाकाहारीही मिळतं. एकट्या हेलिकॉप्टरचा मुक्काम लहान गावात पडला तर मात्र ब्रेड, चीज आणि बटाट्यावर दिवस काढावे लागतात. मेतकूट, चटण्या, थालीपीठाची भाजणी द्या. विमानतळावर बियाणं, कच्ची फळं, घरची लोणची अडकण्याची शक्यता, म्हणून पाकीटबंद वस्तूच बऱ्या.

प्रश्न : आम्ही ट्रेकर्स वनखात्यासोबत वणवा झोडपायला जातो. वर हेलिकॉप्टर आलं तर काय करावं? आमच्याकडे ड्रोनही आहे, तो उपयोगी पडेल का? — त्र्यंबकेश्वर

उत्तर : ड्रोन पिशवीत ठेवा. हेलिकॉप्टर हवेत असताना ड्रोन दिसला की वैमानिक काम थांबवून दूर जातो, तेच त्याला शिकवलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात एका ड्रोनने पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाच्या पंखाला भोक पाडलं आणि ते विमान जमिनीवर बसलं. शिवाय ओझर आणि गांधीनगर इथल्या धावपट्ट्यांमुळे आपल्या परिसरात ड्रोनवर निर्बंध आहेतच.

पाणी पडणार त्या रेषेतून बाजूला व्हा, आणि बाजूला म्हणजे जळून काळ्या झालेल्या भागात. सातशे लिटर पाणी एकदम आलं की वाळक्या फांद्या मोडतात, आणि आपल्या डोंगरांत त्याहून वाईट म्हणजे सुटे दगड गडगडतात. त्यामुळे उतारावर पाणी पडतंय त्याच्या थेट खाली कधीच थांबू नका. हलायला वेळच नसेल तर झाडापासून दूर, येणाऱ्या हेलिकॉप्टरकडे डोकं करून पालथं पडा, हेल्मेट घट्ट, कोयता-फावडं अंगापासून लांब. हेलिकॉप्टर फार खाली आलं तर पात्यांच्या झोताने विझत आलेली आग पुन्हा भडकते, तेव्हा पाणी पडलं म्हणून लगेच पुढे धावू नका.

पाणी पडल्यावर खरं काम तुमचंच. बकेटचं पाणी ज्वाळा खाली बसवतं, पण बुंध्यात आणि शेणात धुमसणारी आग मरत नाही. एप्रिलच्या वाऱ्यात ओलं गवत पाहता पाहता वाळतं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात फांद्यांनी झोडपून आणि ब्लोअरने पाला मागे लोटून रेषा साफ केली नाही, तर पुढची बकेट त्याच जागी टाकावी लागते.

जमिनीवर उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे समोरून, वैमानिकाला दिसाल असं, वाकून जा. उतारावर असेल तर खालच्या बाजूने. वरच्या बाजूने आलात तर फिरतं पातं डोक्याच्या उंचीला असतं. मागे शेपटीकडे तर फिरकायचंच नाही. तो पंखा फिरताना दिसत नाही.

प्रश्न : गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टरं रोज उडतात. मग ब्रह्मगिरी पेटल्यावर ती का येत नाहीत? — अनेक वाचक

उत्तर : तिथे सैन्याच्या स्वतःच्या हवाई शाखेचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि बहुतेक उड्डाणं शिकाऊ वैमानिकांची असतात. वणव्याला बकेट, दोर, हुक आणि त्या कामाचा सराव असलेला वैमानिक हे सगळं एकत्र लागतं. भारतात हे काम हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं करतात : २०२१ आणि २०२४ मध्ये उत्तराखंडात, २०२२ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात. सरिस्कात सिलीसेढ तलावातून आणि नैनितालजवळ भीमतालमधून पाणी उचललं होतं. मागणी जिल्हा प्रशासनाकडून राज्यामार्फत जाते. परवानगी, बकेट, इंधनाचा टँकर, पाणी कुठून घ्यायचं याची पाहणी, हे होईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात.

आणि आपला वणवा गवताचा आहे. तो बहुधा दुपारी-संध्याकाळी लागतो, रात्रीत माथा ओलांडतो आणि सकाळी संपलेला असतो. रात्री बकेटने पाणी टाकायला फार थोड्या देशांत, खास उपकरणांसह परवानगी आहे. उत्तराखंडातल्या चीड-पाइनच्या जंगलासारखा आठवडाभर धुमसणारा वणवा इथे क्वचित. म्हणून आमचं स्पष्ट मत : नाशिकच्या डोंगरांसाठी हेलिकॉप्टरपेक्षा फेब्रुवारीआधी काढलेली जाळरेषा (गवत साफ केलेला पट्टा), गावागणिक दोन ब्लोअर आणि तासाभरात पोचणारी वीस माणसं जास्त कामाची. हेलिकॉप्टर मागवायचंच, तर कड्याच्या मधोमध, माणूस पोचूच शकत नाही अशा जागेसाठी मागवावं.

आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डोंगराचं आणि जवळच्या पाड्याचं नाव, आग पायथ्याला आहे की माथ्याला, वारा कुठून कुठे, आणि गाडी कुठपर्यंत जाते, एवढं सांगितलं की पुरतं.

प्रश्न : बारावी सायन्सनंतर या कामात कसं शिरता येईल? — विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : आगीवर उडणारा वैमानिक थेट होता येत नाही. अमेरिकेत अशा कंत्राटांसाठी किमान दीड हजार तासांचा हेलिकॉप्टरचा अनुभव मागतात, तो आधी सैन्यात, समुद्रातल्या तेलफलाटांवर किंवा पर्यटनाच्या उड्डाणांत मिळवावा लागतो. तिथल्या सरकारी हेलिटॅक तुकडीत भरतीसाठी नागरिकत्व लागतं, म्हणजे तो रस्ता बंद. भारतात एनडीए, सीडीएसमधून सैन्य किंवा हवाई दल हाच सरळ मार्ग.

मेकॅनिकचा रस्ता जास्त मोकळा आहे. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) विमान देखभाल अभियंता परवान्याची परीक्षा द्या आणि प्रवर्ग बी-१.३ निवडा. तो टर्बाइन इंजिनाच्या हेलिकॉप्टरचा आहे. बरीच मुलं बी-१.१ घेतात, तो विमानांचा. परवान्यानंतर ज्या मॉडेलवर काम करायचं त्याचं टाइप रेटिंग वेगळं घ्यावं लागतं. एच-१२५ किंवा बेल कंपनीच्या मध्यम हेलिकॉप्टरांचं घेतलंत तर वणव्याच्या कंपन्यांत मागणी असते. परदेशात आपला परवाना जसाच्या तसा चालत नाही, तिथल्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. जड वाहनाचा परवानाही काढून ठेवा. छोट्या कंपन्यांत गरज पडली की मेकॅनिकलाच टँकर चालवत पुढच्या गावी जावं लागतं.